इंजिनाचा पिवळा दिवा लागल्यावर

गाडी नेहमीसारखी चालत असताना, आवाजात किंवा पिकअपमध्ये काहीही फरक जाणवत नसताना, डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला तर गाडी तिथेच थांबवावी की घरापर्यंत नेता येईल, हा प्रश्न बहुतेक वाहनमालकांना कधी ना कधी पडतो. त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न उभा राहतो तो गॅरेजमध्ये: ‘सेन्सर गेला आहे, बदलावा लागेल’ असे सांगितले गेले, तर ते कितपत खरे मानावे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिव्याच्या रंगावरून, तो स्थिर आहे की लुकलुकतो आहे यावरून आणि गाडीच्या चालीवरून मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळवण्यासाठी गाडीतील संगणक नेमके काय मोजतो आणि त्या मोजमापातून काय कळू शकत नाही, हे समजून घ्यावे लागते. कोणता भाग बिघडला हे हा दिवा सांगत नाही. मोजलेली एखादी गोष्ट अपेक्षित मर्यादेबाहेर गेली आहे, एवढेच तो सांगतो, आणि या एका भेदाचा विसर पडल्यामुळेच पुष्कळ अनावश्यक खर्च होतो.

१. रस्त्यावरचा निर्णय

चावी फिरवल्यावर किंवा बटण दाबल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी हा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. दिवा शाबूत असल्याची ती रोजची चाचणी असते. म्हणूनच वापरलेली गाडी विकत घेताना चावी फिरवूनही तो लागला नाही, तर जुना दोष लपवण्यासाठी तो बंद केला असल्याची शंका घेण्यास जागा असते.

चालत्या गाडीत दिवा लागल्यास प्रथम रंग पाहावा. तेलाच्या झारीचा लाल दिवा म्हणजे इंजिनातील तेलाचा दाब घटला आहे, आणि अशा वेळी गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन ताबडतोब बंद करणे हाच एक उपाय असतो, कारण दाबाविना फिरणारे धातूचे भाग अल्पावधीत एकमेकांना घासून निकामी होतात. तापमापकाचा लाल दिवा इंजिन जास्त तापल्याचे सांगतो. तेव्हाही थांबणे आवश्यक असते, मात्र गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी उसळून गंभीर भाजण्याचा धोका असल्याने ते थंड होईपर्यंत उघडू नये. बॅटरीचा लाल दिवा चार्जिंग थांबल्याचे दर्शवतो आणि काही गाड्यांत ज्या पट्ट्यावर चार्जिंग चालते त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरत असल्याने, त्याच्या जोडीला तापमान वाढू लागले तर पुढे जाऊ नये.

इंजिनाच्या आकृतीचा दिवा पिवळा किंवा नारिंगी असतो. तो स्थिर असेल, गाडी धक्के देत नसेल, इंधनाचा वास येत नसेल आणि दुसरा कोणताही लाल दिवा लागलेला नसेल, तर जोरात न पळवता गाडी मुक्कामी नेता येते आणि एकदोन दिवसांत तिची तपासणी करून घेणे पुरेसे असते. तोच दिवा लुकलुकत असेल आणि त्याबरोबर इंजिन थरथरत असेल, तर बहुतेक पेट्रोल गाड्यांत त्याचा अर्थ एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटत नाही असा होतो. त्याला मेकॅनिक ‘मिसफायर’ किंवा नुसते ‘मिसिंग’ म्हणतात. अशा वेळी अॅक्सिलरेटरवरचा पाय सैल सोडावा, डावीकडे सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि शक्यतो गाडी टो करून न्यावी. लुकलुकण्याचा अर्थ काही कंपन्यांच्या गाड्यांत वेगळाही असू शकतो, त्यामुळे गाडीसोबत मिळालेल्या मालक-पुस्तिकेतील खुलासा अंतिम मानावा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक उपलब्ध आहे.

काही वेळा दिवा लागताच गाडीची ताकद एकदम कमी होते आणि इंजिनाचे फेरे एका मर्यादेपुढे वाढत नाहीत. हा ‘लिंप मोड’ असतो: जास्त नुकसान होऊ नये म्हणून संगणकानेच इंजिनावर लगाम घातलेला असतो. खंबाटकी किंवा आंबा घाटासारख्या चढावर असे झाले तर ओव्हरटेक करण्याचा विचार सोडून धोक्याचे दिवे लावावेत, खालचा गियर टाकून डाव्या कडेने जावे आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबावे.

२. हा दिवा कोणासाठी आहे?

हा दिवा मुळात मालकाची सोय म्हणून आला नाही. तो आला हवेच्या प्रदूषणाच्या प्रश्नातून. १९५०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास करताना आरी हागेन-स्मित या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की वाहनांतून निघणारी न जळालेली हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन घातक ओझोन तयार होतो. कॅलिफोर्नियात १९६७ साली हवा-नियंत्रण मंडळ स्थापन झाले, आणि त्याच मंडळाच्या नियमांमुळे १९८८च्या मॉडेलपासून तिथल्या गाड्यांना स्वतःच्या धूर-नियंत्रण यंत्रणेवर लक्ष ठेवणारी व्यवस्था बसवणे भाग पडले. तिला ‘ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक्स’, संक्षेपाने ओबीडी, म्हणजे गाडीतच बसवलेली दोषशोधन व्यवस्था म्हणतात. तिची दुसरी, अधिक कडक पिढी १९९६च्या मॉडेलपासून साऱ्या अमेरिकेत सक्तीची झाली.

भारतात मुंबईसह चार महानगरांत १९९५ साली शिसेविरहित पेट्रोल व धूर स्वच्छ करणारे उत्प्रेरक यंत्र एकत्रच आले, कारण शिसे त्या यंत्राला निकामी करते. भारत स्टेज चार या मानकांबरोबर मोटारगाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१०पासून आणि दुसरा टप्पा एप्रिल २०१३पासून लागू झाला. एप्रिल २०२०मध्ये भारत स्टेज सहा आल्यावर दुचाकींवरही असा दिवा दिसू लागला. या इतिहासामुळे एक गोष्ट उलगडते: गाडी झकास चालत असतानाही दिवा लागू शकतो, कारण तो गाडीच्या चालीपेक्षा तिच्या धुरावर अधिक लक्ष ठेवून असतो.

३. संगणक नेमके काय मोजतो?

एक किलो पेट्रोल पूर्णपणे जाळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा त्याहून जास्त झाली तर मिश्रण ‘लीन’, म्हणजे विरळ, आणि पेट्रोल जास्त झाले तर ‘रिच’, म्हणजे दाट म्हटले जाते. हे प्रमाण राखण्यासाठी सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. धुरात उरलेल्या ऑक्सिजनवरून, मिश्रण विरळ असल्यास तो सुमारे ०.१ व्होल्ट आणि दाट असल्यास सुमारे ०.९ व्होल्ट दाब निर्माण करतो. तो संकेत वाचून संगणक इन्जेक्टरमधून सोडायचे इंधन सतत किंचित कमीजास्त करत राहतो, आणि ही दुरुस्ती तो टक्क्यांत नोंदवतो. अधिक दहा टक्के याचा अर्थ, हिशेबाने निघालेल्या इंधनापेक्षा दहा टक्के जास्त इंधन द्यावे लागते आहे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या बाबतीतही हीच दुरुस्ती उपयोगी पडते. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने त्याला एका किलोमागे सुमारे नऊच किलो हवा पुरते, म्हणून मिश्रणात इथेनॉल वाढले की तेवढ्याच हवेसाठी संगणकाला थोडे जास्त इंधन सोडावे लागते. ही दुरुस्ती दहा टक्क्यांच्या आतबाहेर असेपर्यंत सहसा काळजीचे कारण नसते. ती पंचवीस टक्क्यांच्या आसपास पोहोचली आणि तिथेच टिकून राहिली, की सांभाळून घेण्याची मर्यादा संपली असे ठरवून संगणक दोषाची नोंद करतो.

४. दिवा उशिरा का लागतो आणि आपोआप का विझतो?

एकदा काही बिनसले की लगेच दिवा लागत नाही. बहुतेक तपासण्यांमध्ये संगणक पहिल्या वेळी दोष तात्पुरता टिपून ठेवतो आणि पुढच्या फेरीत तोच दोष पुन्हा आढळला तरच दिवा लावतो. इथे फेरी म्हणजे इंजिन सुरू करणे, ती तपासणी पूर्ण होण्याइतकी गाडी चालवणे आणि इंजिन बंद करणे. उत्प्रेरक यंत्राला इजा करू शकणारे मिसफायर हा याला मुख्य अपवाद आहे, आणि त्यासाठी दिवा लगेच लुकलुकू लागतो.

उलट दिशेनेही असेच घडते. लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष आढळला नाही तर दिवा आपोआप विझतो, परंतु नोंद मात्र सामान्यतः इंजिन थंड अवस्थेतून पूर्ण तापण्याची चाळीस आवर्तने होईपर्यंत स्मृतीत राहते. त्यामुळे ‘काल लागला होता, आज गेला’ अशा गाडीतही स्कॅनर लावल्यास कारणाचा माग मिळू शकतो.

याच कारणाने बॅटरीची तार काढून दिवा घालवण्याचा लोकप्रिय उपाय टाळावा. तसे केल्यास दिव्याबरोबर नोंद पुसली जाऊ शकते, आणि दोष घडला त्या क्षणीचे इंजिनाचे फेरे, तापमान, वेग व भार यांची ‘फ्रीझ फ्रेम’ नावाने साठवलेली माहितीही जाते. दोष तसाच राहतो, फक्त तो शोधण्याचे साधन हातचे जाते.

५. संकेतांक कसा वाचावा?

स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डच्या तळाशी, सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात स्कॅनर किंवा मोबाइलशी ब्लूटूथने जोडले जाणारे छोटे अडॅप्टर लावले, की पाच चिन्हांचा संकेतांक वाचता येतो. त्यातील पहिले अक्षर यंत्रणा सांगते: ‘पी’ म्हणजे इंजिन व गियरबॉक्स, ‘बी’ म्हणजे गाडीचा सांगाडा व आतील सोयी, ‘सी’ म्हणजे ब्रेक व स्टिअरिंगसारखे चालीचे भाग आणि ‘यू’ म्हणजे गाडीतील संगणकांमधला आपसातला संपर्क. दुसऱ्या स्थानी शून्य असेल तर संकेतांक बहुधा सर्व कंपन्यांना समान असतो, एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा असतो. तिसऱ्या स्थानचा आकडा विभाग दाखवतो: एक व दोन म्हणजे हवा-इंधन, तीन म्हणजे ठिणगी व मिसफायर, चार म्हणजे धूर-नियंत्रण. शेवटचे दोन आकडे नेमका दोष सांगतात. पी ०३०३ हा संकेतांक या रीतीने वाचला, तर तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर असा त्याचा अर्थ लागतो.

या रचनेचे टपालाच्या पिनकोडशी चांगले साम्य आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या सहा आकड्यांत डावीकडून उजवीकडे जाताना प्रदेश आक्रसत जातो. ४११ने सुरू होणारा क्रमांक पुण्याचा हे कळते, शेवटचे आकडे टपाल कार्यालयापर्यंत नेतात, परंतु घर शोधायला पोस्टमनलाच गल्लीत फिरावे लागते. दोषाचा संकेतांकही मेकॅनिकला कार्यालयापर्यंतच आणतो. पी ०३०३ कळल्यानंतरही प्लग झिजला आहे, कॉइल कमकुवत आहे, इन्जेक्टर चोंदला आहे, वायर तुटली आहे की सिलिंडरची दाबक्षमता घटली आहे, हे तपासूनच ठरवावे लागते. त्यासाठीची एक सोपी कसोटी अशी: तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर बसवून पाहावी. आता संकेतांक पी ०३०१ झाला तर दोष कॉइलचा; पी ०३०३ तसाच राहिला तर कॉइल निर्दोष ठरते आणि तिचा खर्च वाचतो.

६. एक सोडवलेले उदाहरण: पी ०१७१

मिश्रण विरळ झाल्याचे सांगणारा हा संकेतांक दिसला की अनेकदा ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. वास्तविक सेन्सर इथे साक्षीदार असण्याचीच शक्यता अधिक असते, कारण ऑक्सिजन जास्त आहे हे त्यानेच कळवलेले असते.

समजा, आत येणारी हवा हवामापक सेन्सरने मोजणाऱ्या एका गाडीत, त्या सेन्सरच्या पुढे असलेली रबरी नळी चिरली आहे आणि तिथून सेकंदाला ०.६ ग्रॅम न मोजलेली हवा आत शिरते आहे. गाडी उभी असून इंजिन मंद फिरत असताना सेन्सरने मोजलेली हवा सेकंदाला ३ ग्रॅम असेल, तर चोरवाटेने आलेल्या हवेचे प्रमाण तिच्या वीस टक्के भरते आणि इंधनाची दुरुस्तीही तेवढीच वाढते. फेरे वाढवून मोजलेली हवा १२ ग्रॅम झाली, की तीच गळती केवळ पाच टक्के उरते. म्हणून दुरुस्तीचा आकडा मंद गतीत मोठा आणि वेगात लहान दिसला, तर संशय हवेच्या गळतीवर जातो. उलट मंद गतीत सारे ठीक आणि चढावर किंवा वेगात आकडा वाढत असेल, तर इंधनाचा पुरवठाच अपुरा पडत असावा, आणि पंप, फिल्टर व मळलेला हवामापक सेन्सर यांची तपासणी आधी करावी लागते. एकच संकेतांक, परंतु स्कॅनरवरचे दोन आकडे पाहिल्यावर शोधाच्या दिशा पूर्ण वेगळ्या होतात.

७. सर्वांत महाग गैरसमज: पी ०४२०

उत्प्रेरक यंत्र, म्हणजे गॅरेजच्या भाषेतले ‘कॅट’, हे बारीक छिद्रांच्या चिनीमातीसारख्या ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व रोडियम या मौल्यवान धातूंचा लेप देऊन बनवलेले असते, त्यामुळे ते बदलणे खर्चाचे काम ठरते. विषारी वायूंचे कमी घातक वायूंत रूपांतर करणे हे त्याचे काम असते. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक ऑक्सिजन सेन्सर असतो. पहिल्याचा संकेत सतत वरखाली होतो, आणि यंत्र नीट काम करत असेल तर दुसऱ्याचा बऱ्यापैकी स्थिर राहतो. दुसराही पहिल्यासारखाच नाचू लागला, की संगणक पी ०४२० नोंदवतो.

ही नोंद खरी असली तरी यंत्र का मेले हा प्रश्न उरतोच. मिसफायर होणाऱ्या सिलिंडरमधले न जळालेले पेट्रोल या यंत्रात जाऊन जळते, तापमान भलतेच वाढते आणि आतला ठोकळा वितळून छिद्रे बुजतात. लुकलुकणारा दिवा दिसताच थांबण्याचा सल्ला त्यासाठीच दिला जातो. प्लग किंवा कॉइलचे स्वस्त काम टाळून नवे यंत्र बसवले, तर तेही त्याच मार्गाने निकामी होते. शिवाय धुराच्या नळीला गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सर फसतात, म्हणून यंत्र बदलण्यापूर्वी ही गळती आणि जुने मिसफायरचे संकेतांक तपासणे क्रमप्राप्त ठरते.

८. डिझेल, सीएनजी आणि पावसाळा

भारत स्टेज सहाच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा गाळणा, म्हणजे डीपीएफ, असतो. साठलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सियस तापमानाला जाळून तो स्वच्छ होतो, मात्र केवळ शहरातल्या गर्दीत थोड्या थोड्या अंतरासाठी फिरणाऱ्या गाडीला हे तापमान पुरेसा वेळ मिळत नाही. डीपीएफचा वेगळा दिवा लागल्यास मालक-पुस्तिकेत दिल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने, साधारण पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवल्याने काम भागू शकते. त्याच्या जोडीला इंजिनाचाही दिवा लागला असेल किंवा ताकद घटली असेल, तर असे प्रयोग न करता गाडी वर्कशॉपला न्यावी.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत वायुमिश्रण पेटवण्यासाठी ठिणगीला जास्त दाब लागतो, म्हणून थोडा झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून गेला तरी सीएनजीवर मिसिंग करतो. दिवा दोन्ही इंधनांवर लागतो की एकावरच, ही मालकाने केलेली साधी नोंद इथे फार मोलाची ठरते. बाहेरून बसवलेल्या किटची जुळवणी बिघडली तर हवा-इंधनाचे संकेतांक येतात आणि तेव्हा इंजिनाचे भाग बदलण्याआधी किट तपासणे योग्य असते.

पावसाळ्यात कॉइल व जोडण्यांत ओल शिरते, तर बॉनेटखालच्या उबेला आलेले उंदीर वायरी कुरतडतात. अशा वेळी सेन्सर धडधाकट असतो, तुटलेली असते ती त्याची वायर. साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडले असेल तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न कधीही करू नये, कारण सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही आणि त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

‘पेट्रोल टाकीचे झाकण घट्ट करा, दिवा जाईल’ हा सल्लाही बराच ऐकू येतो. तो मूळचा अमेरिकेतला आहे, कारण तिथल्या नियमांनुसार टाकीतून पेट्रोलची वाफ गळते का, हेही गाडीला तपासावे लागते. भारतातील अनेक गाड्यांत ही तपासणी नसते; झाकण नीट लावावे, पण तेवढ्यावर विसंबून राहू नये.

९. गॅरेजमध्ये काय विचारावे?

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी दिवा केव्हा लागला, इंजिन गार होते की गरम, चढ होता की सपाटी, नुकतेच इंधन भरले होते का, पाऊस होता का आणि अलीकडे कोणते काम करून घेतले होते, या गोष्टी लिहून ठेवाव्यात. तिथे प्रथम संकेतांक व फ्रीझ फ्रेम कागदावर किंवा छायाचित्रात घ्यायला सांगावे आणि त्याआधी काहीही पुसू देऊ नये. एखादा भाग बदलण्याचे सुचवले गेले, तर तो भागच बिघडला आहे हे कोणत्या तपासणीवरून ठरले, एवढा एकच प्रश्न विचारावा. ‘कोडमध्येच तसे आले आहे’ हे त्याचे पुरेसे उत्तर होत नाही, ‘कॉइल बदलून पाहिली आणि दोष तिच्याबरोबर सरकला’ हे होते.

पीयूसी प्रमाणपत्र मिळाले म्हणजे गाडी निर्दोष, असेही मानू नये, कारण ती चाचणी उभ्या गाडीच्या धुराची त्या क्षणापुरती मोजणी करते, तर संगणक चालत्या गाडीवर, चढावर आणि थंड सुरुवातीलाही लक्ष ठेवून असतो.

दुरुस्तीनंतर स्कॅनरने दिवा घालवणे दोन मिनिटांचे काम आहे, म्हणून विझलेला दिवा हा दुरुस्तीचा पुरावा ठरत नाही. नोंद पुसल्यावर संगणक आपल्या तपासण्या नव्याने सुरू करतो आणि कोणत्या पूर्ण झाल्या हे स्कॅनरवर दिसते. ज्या परिस्थितीत दोष आला होता तशाच परिस्थितीत गाडी काही दिवस चालवावी, मग पुन्हा स्कॅनर लावून संबंधित तपासणी पूर्ण झाली आहे आणि तात्पुरत्या नोंदीतही काही नाही याची खात्री करून घ्यावी. शक्य असेल तिथे कामाचे अंतिम बिल चुकते करण्यापूर्वीच या फेरतपासणीचे बोलणे करून ठेवावे.